सेवा नगराची, सेवक कोणाचा?

(इंदिरानगर, नाशिक येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अमेरिकेतील शहरांचा कारभार आणि आपल्या महापालिकेचा कारभार यांची तुलना करावी, अशी संयोजकांची सूचना होती. विषय त्यांनी सहज निवडलेला नाही. इंदिरानगर, राजीवनगर, पाथर्डी फाटा या परिसरात आज घरटी नाही तरी दर दोन-तीन घरांमागे कोणाचा तरी मुलगा किंवा लेक अमेरिकेत आहे. नातवाच्या जन्माच्या निमित्ताने सहा महिने तिकडे राहून आलेले आजी-आजोबा तर या सभागृहातही अनेक असतील. परत आल्यावर सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जी चर्चा रंगते, तिचा सूर साधारण ठरलेला असतो. तिकडे कचरा ठरल्या दिवशी उचलला जातो, बस मिनिटाच्या हिशेबाने येते. कारण तिकडे सगळे खासगी आहे. कामगार संघटना नाहीत, संप नाहीत. आपल्याकडेही एकदाचे सगळे ठेक्याने देऊन टाकावे, म्हणजे ही कटकट मिटेल.

यातील निरीक्षण बऱ्याच अंशी खरे आहे. त्याचे जे कारण सांगितले जाते, ते मात्र खरे नाही. त्यावरच मला आज बोलायचे आहे.

न्यूयॉर्क शहराचे उदाहरण घ्या. तिथे घरोघरचा कचरा उचलणारा माणूस नगरपालिकेचा कायम नोकर असतो. त्या नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा होते आणि तिला हजारोंच्या संख्येने तरुण बसतात. शहरातील भुयारी रेल्वे आणि बस चालवणारे कर्मचारी एका सार्वजनिक प्राधिकरणाच्या सेवेत आहेत आणि त्यांची संघटना अत्यंत प्रबळ आहे. अग्निशमन दल, पोलीस, सरकारी शाळांतील शिक्षक यांचीही स्थिती बव्हंशी तशीच. खासगी ठेके तिकडे आहेतच, काही शहरांत मोठ्या प्रमाणावर आहेत. परंतु ज्या शिस्तीचे आपण कौतुक करतो, ती शिस्त पुष्कळ ठिकाणी संघटित, कायमस्वरूपी सार्वजनिक सेवकांनी सांभाळलेली आहे, ही गोष्ट आपल्या प्रवासवर्णनांतून गळून पडते.

ती शिस्त सुखासुखी आलेली नाही. १९१९ च्या सप्टेंबरमध्ये बोस्टनच्या पोलिसांनी संप केला. सुमारे दीड हजारांच्या दलातील अकराशेहून अधिक शिपाई कामावर गेले नाहीत. शहरात लूटमार झाली, लष्करी तुकड्या बोलवाव्या लागल्या. राज्याचे गव्हर्नर केल्विन कूलिज यांनी सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्ध संपाचा अधिकार कोणालाही नाही, अशी ठाम भूमिका घेतली आणि त्या भूमिकेच्या बळावर पुढे ते राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचले. संपकऱ्यांना परत घेतले गेले नाही. इतिहासाच्या पुस्तकांत ही कथा बहुधा इथेच थांबते. तिच्यापुढचा तपशील असा की, त्यांच्या जागी जे नवे शिपाई भरले, त्यांना जास्त पगार आणि विनामूल्य गणवेश देण्यात आला. संपकऱ्यांची मुख्य तक्रार याच गोष्टींची होती! मागणी रास्त होती, हे सरकारला ठाऊक होते. ती मागणाऱ्याला मात्र घरी बसवले गेले.

त्यानंतर अर्धशतक लोटले. १९६८ च्या फेब्रुवारीत टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात कचरागाडीवरचे दोन कामगार पावसापासून आडोसा म्हणून गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबण्याचे यंत्र अचानक सुरू झाले आणि ते दोघे चिरडून मेले. गाडी जुनाट होती. तिच्याविषयीच्या तक्रारी आधीपासून होत्या. पुढच्या काही दिवसांत सुमारे तेराशे सफाई कामगार संपावर गेले. जवळपास सगळे कृष्णवर्णीय. 'मी माणूस आहे' एवढेच शब्द लिहिलेले फलक गळ्यात अडकवून ते रस्त्यावरून चालत. त्यांच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल रोजी त्याच शहरात हत्या झाली. त्यानंतर बारा दिवसांनी, १६ एप्रिलला, नगर प्रशासनाने संघटनेला मान्यता देऊन करार केला.

किंग यांच्या हौतात्म्यामुळे मेम्फिसचे नाव जगाला माहीत झाले. माझ्यासारख्या नगरपालिका 'कव्हर' करण्यात उमेद घालवलेल्या पत्रकाराला त्यातली वेगळीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या तेराशे माणसांना कोणाच्या दारात उभे राहायचे, हे पक्के माहीत होते. मेयर हेन्री लोब हट्टी होते, वाटाघाटी करीत नव्हते, परंतु 'ही माणसे माझी नाहीत, ठेकेदाराला विचारा' असे त्यांना म्हणता येत नव्हते. जबाबदारीला पत्ता होता.

हा 'पत्ता' शब्द कृपया लक्षात ठेवावा. नाशिकविषयी बोलताना मला तो पुन्हा लागणार आहे.

संप नकोत, असे आपण म्हणतो. न्यूयॉर्कनेही तसेच म्हटले. १९६७ पासून त्या राज्यात टेलर कायदा लागू आहे आणि त्यानुसार सार्वजनिक कर्मचाऱ्यांना संपाची पूर्ण बंदी आहे. २००५ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, तिथल्या रेल्वे व बस कर्मचाऱ्यांनी तरीही तीन दिवस संप केला. न्यायालयाने संघटनेला पंचवीस लाख डॉलर दंड केला, तिच्या अध्यक्षांना दहा दिवसांच्या कारावासाची शिक्षा झाली. ही कठोरता आपल्याकडच्या अनेकांना आवडेल. मात्र त्याच कायद्याची दुसरी बाजू आहे. संपाचा हक्क काढून घेताना कायद्याने सरकारवर संघटनेशी वाटाघाटी करण्याचे बंधन घातले, वाद सोडवण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले आणि १९८२ च्या दुरुस्तीने अशी तजवीज केली की नवा करार होईपर्यंत जुन्या कराराच्या अटी मोडता येणार नाहीत. थोडक्यात, हातातले शस्त्र काढून घेतले आणि त्याच्या बदल्यात ढाल दिली.

आता आपल्या शहराकडे वळू.

नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका एकत्र करून १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. त्या काळी सफाई कामगार, वॉल्व्ह उघडणारा, पथदीप लावणारा, सगळेच पालिकेच्या हजेरीपटावर होते. शहर वाढत गेले. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी, गंगापूर रोड अशी दूरवर पसरत गेले. वाढत्या शहराला वाढती माणसे लागतात. परंतु आस्थापना खर्च उत्पन्नाच्या पस्तीस टक्क्यांच्या वर गेला की नोकरभरती अडते, हा शासनाचा दंडक महापालिकांच्या डोक्यावर आहे. मग शहाणपणाची वाट सापडली. माणूस तोच, काम तेच, रस्ता तोच. त्याचा पगार आस्थापनेच्या खात्यातून न काढता ठेक्याच्या खात्यातून काढायचा. कागदावरची टक्केवारी आटोक्यात राहते. (टक्केवारी हा शब्द महापालिकेत आणखी एका अर्थाने वापरला जातो. त्याविषयी पुन्हा कधीतरी.)

घंटागाडीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाही हवा. महाराष्ट्रातील इतर शहरांना नाशिकच्या घंटागाडीने वळण लावले. पण गाडीवर उभा असलेला माणूस कोणाचा, हा प्रश्न आपण किती वेळा विचारला? तो ठेकेदाराचा. ठेका बदलला की ठेकेदार बदलतो, माणूस पुष्कळदा तोच राहतो. त्याची सेवा मात्र दर वेळी शून्यापासून सुरू होते. इंदिरानगरच्या पाठीमागे, पाथर्डीच्या अंगाला खतप्रकल्प आहे. तिथल्या दुर्गंधीची तक्रार आपण वर्षानुवर्षे करीत आलो. त्या दुर्गंधीत आठ-आठ तास काम करणाऱ्या माणसांविषयी आपण एकही निवेदन दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

बससेवेची गोष्ट अधिक बोलकी आहे, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. २०२१ पर्यंत नाशिकची शहर बस एसटी महामंडळ चालवीत असे. तोटा वाढला, फेऱ्या घटल्या, निमाणीला किंवा सीबीएसला जायचे तर तासन्तास उभे राहावे लागे. अखेर महापालिकेने स्वतंत्र परिवहन महामंडळ कंपनी स्थापन केली आणि ८ जुलै २०२१ पासून 'सिटीलिंक' या नावाने बस धावू लागल्या. गाड्या चांगल्या, तिकीट यंत्रावर, नवे मार्ग. नागरिकांनी स्वागत केले. मीही त्या वेळी मोकळेपणाने कौतुक केले होते आणि ते आजही मागे घेत नाही.

त्या बसच्या आत डोकावून पाहू. बस ज्या कंपनीची, चालकही तिचा. तिला प्रतिकिलोमीटर पैसे मिळतात. तिकिटाचे पैसे गोळा करणारा वाहक मनुष्यबळ पुरवणाऱ्या वेगळ्या ठेकेदाराचा. मार्ग आणि वेळापत्रक परिवहन कंपनीचे. तूट भरून काढायची महापालिकेने. एका बसमध्ये पुढे बसलेला आणि मागे उभा असलेला, हे दोघे कायद्याने एकमेकांचे सहकारीसुद्धा नाहीत! त्यामुळे थकीत वेतनासाठी वाहकांनी काम थांबवले की धडधाकट बस आणि तयार चालक डेपोत स्वस्थ उभे राहतात. गेल्या काही वर्षांत असे पुन:पुन्हा घडले. मार्च २०२४ मध्ये तर ऐन परीक्षेच्या दिवसांत तपोवन डेपोच्या वाहकांनी थकलेल्या पगारासाठी काम बंद केले आणि बससेवा कित्येक दिवस विस्कळीत राहिली. वाहक ठेकेदाराकडे बोट दाखवतात, ठेकेदार देयकाकडे, परिवहन कंपनी कराराकडे आणि महापालिका परिवहन कंपनीकडे. दरम्यान रथचक्र चौकात उभी असलेली महाविद्यालयीन मुलगी रिक्षाला शंभराची नोट मोडते.

मेम्फिसमध्ये होता तो पत्ता इथे हरवला आहे.

कायदा याबाबतीत आंधळा आहे काय? मुळीच नाही. कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा १९७० चा. त्यातील २१ व्या कलमात स्वच्छ लिहिले होते की, ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते मुख्य नियोक्त्याने द्यावे आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावे. पगारवाटपाच्या वेळी मुख्य नियोक्त्याचा प्रतिनिधी हजर असावा, अशीही तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा त्यांच्यात विलीन झाला. तरी मुख्य नियोक्त्याचे हे दायित्व नव्या संहितेतही कायम आहे. उलट आता वेतन बँकेमार्फत द्यावे आणि किती दिले ते मुख्य नियोक्त्याला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवावे, असे ठेकेदारावर बंधन आहे. म्हणजे 'आम्हाला ठाऊक नव्हते' हे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. महिन्याच्या ठरल्या तारखेपर्यंत पगार झाला नाही, तर अकराव्या-बाराव्या दिवशी संप होण्याची वाट पाहण्याचे कारण काय? त्याच आठवड्यात पैसे थेट कामगारांच्या खात्यात भरावेत आणि ठेकेदाराच्या पुढच्या देयकातून कापावेत. यासाठी नवा कायदा नको, मंत्रालयातून आदेश नको. एक सही पुरे.

नव्या संहितेचे मी सरसकट कौतुक करीत नाही. जुना कायदा वीस कामगारांपासून लागू होत असे. महाराष्ट्राने ती मर्यादा पन्नासवर नेली, नव्या संहितेतही ती पन्नासच आहे. मर्यादेचे काय होते ते मुंबईने दाखवून दिले आहे. तिथे कचऱ्याचे ठेके मुद्दाम वीसच्या आतील माणसांचे तुकडे करून दिले गेले, कामगारांना 'स्वयंसेवक' म्हटले गेले आणि पगाराला 'मानधन'. कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाचा निकाल लागला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. सुमारे २७०० कामगार महापालिकेचे कायम सेवक ठरले. 'स्वयंसेवक' हा शब्द आपल्यापैकी अनेकांना जिवापाड प्रिय आहे. स्वेच्छेने सेवा देणाऱ्याचे ते नाव. पोटासाठी गटारात उतरणाऱ्या माणसाचा पगार बुडवण्यासाठी ते वापरले गेले, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

एक आक्षेप मला समोरून येणार याची कल्पना आहे. कायम कामगार म्हणजे आराम, संघटना म्हणजे दादागिरी, असा अनेकांचा अनुभव आहे आणि तो खोटा म्हणता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत बेस्टचा संप नऊ दिवस चालला. एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झाला आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये मिटला. त्या पाच-सहा महिन्यांत सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या खेड्यांतील मुलांची शाळा बुडाली, रुग्ण अडकले. विलीनीकरणाची एकच मागणी धरून बसणे शहाणपणाचे नव्हते, असे माझे मत तेव्हाही होते. तरीदेखील एक गोष्ट नजरेआड करू नये. ठेकेदारी आणल्याने संप थांबले नाहीत. बेस्टने भाडेतत्त्वावर खासगी गाड्या घेतल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्या खासगी गाड्यांच्या चालकांनीच संप केला. संप तसाच राहिला. ज्याच्याशी बोलायचे तो माणूस तेवढा नाहीसा झाला.

आपल्याकडे अत्यावश्यक सेवा कायदा आहे, बोलीभाषेत 'मेस्मा'. कर्मचारी काम थांबवतो त्या दिवशी सेवा अत्यावश्यक ठरते. त्याचा पगार दोन महिने थांबतो तेव्हा ती अत्यावश्यक का नसते?

दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळमध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा वर्गसंघर्षाची भाषा त्यांनी नाकारली आणि उद्योग हे एक कुटुंब आहे, हा विचार मांडला. हा विचार आपण व्यासपीठांवरून अनेकदा ऐकतो. कुटुंब म्हणायचे तर पानावर कोण बसणार, हे आधी ठरले पाहिजे. ज्याला घरातला म्हणून मोजतच नाही, त्याच्याकडून घरच्या माणसाच्या निष्ठेची अपेक्षा कशी करावी?

ठेका मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. परंतु ठेका हा राजकीय निर्णय असतो आणि त्याचे आयुष्य निर्णय घेणाऱ्यापेक्षा मोठे असते. शिकागो शहराने डिसेंबर २००८ मध्ये आपली वाहनतळाची सगळी मीटरे सुमारे १.१५ अब्ज डॉलरना एका खासगी गटाला पंचाहत्तर वर्षांच्या कराराने दिली. प्रस्ताव नगर परिषदेपुढे आला आणि अवघ्या काही दिवसांत ४० विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला की, शहराला जवळपास ९७ कोटी डॉलर कमी मिळाले. आज मिरवणुकीसाठी, दुरुस्तीसाठी एखादा रस्ता बंद केला तर शहरालाच त्या कंपनीला भरपाई द्यावी लागते. ज्यांनी हात वर केले ते नगरसेवक बहुतेक घरी गेले, करार अजून पन्नासहून अधिक वर्षे चालणार आहे.

शिकागोत निदान मतदान तरी झाले. कोणी कोणत्या बाजूने हात वर केला, याची नोंद आहे. आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे प्रशासकांचा कारभार होता. महासभाही प्रशासक, स्थायी समितीही प्रशासक. व्यक्ती म्हणून ते अधिकारी चांगले असतील, काही होतेच. पण या काळात जे ठेके निघाले, ज्यांना मुदतवाढ मिळाली, त्यांवर सभागृहात एकही प्रश्न विचारला गेला नाही. कारण प्रश्न विचारायला तिथे कोणी नव्हते. मार्च २०२४ मध्ये वाहक संपावर गेले तेव्हा आपल्या प्रभागात नगरसेवक नव्हता. पत्ता हरवण्याचे हेही एक कारण.

आता सभागृह पुन्हा भरले आहे. आणि समोर २०२७ चा सिंहस्थ आहे. लाखो-कोटी भाविकांसाठी सफाईला, वाहतुकीला, शौचालयांच्या देखभालीला हजारो हंगामी माणसे लागतील आणि ती सगळी ठेकेदारांमार्फत येतील. रामकुंडावर पर्वणीच्या पहाटे झाडू घेऊन उभा असलेला माणूस कुठल्या जिल्ह्यातून आला, रात्री कुठे झोपला, त्याला किती दिवसांनी पैसे मिळाले, याची चौकशी स्नान आटोपल्यावर करून उपयोग नाही. निविदेच्या कागदातच ते लिहिले गेले पाहिजे: वेतन कोणत्या तारखेला, चुकल्यास महापालिका किती दिवसांत स्वतः देणार, आणि तक्रार कोणत्या नावाच्या अधिकाऱ्याकडे.

या सभागृहात बँकेतून, एचएएलमधून, नोटप्रेसमधून निवृत्त झालेली मंडळी आहेत. कागद वाचायची सवय आणि मोकळा वेळ, दोन्ही आपल्याजवळ आहेत. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. घंटागाडी आणि बसवाहकांच्या चालू करारांच्या प्रती, तसेच मागील बारा महिन्यांत प्रत्येक महिन्याचे वेतन कोणत्या तारखेला जमा झाले याचा तक्ता, एवढेच मागावे. अर्जाचा नमुना मी सोबत आणला आहे, मागच्या टेबलावर ठेवला आहे. आपल्या प्रभागातील नगरसेवकांनाही त्याची एक प्रत द्यावी, आणि महासभेत त्यांनी हा प्रश्न विचारला की नाही, हे इतिवृत्त मागवून पाहावे.